आकडा पाहूनच नळी काढावी



तुयेचे रुग्णालय गोवा वैद्यकीय महाविद्यालयाशी (गोमेकॉशी) जोडावे, या पेडणे तालुक्यातल्या लोकांच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र चर्चा खाटा आणि डॉक्टरांपाशीच थांबते. भूलतज्ज्ञ या नात्याने मला ऑपरेशन थिएटरातल्या एका छोट्या यंत्रासाठी आग्रह धरायचा आहे.

लहान मुलाला पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालायची, तर बहुधा स्नायू सैल करणारे औषध लागते. कधी एकावर भागत नाही. शस्त्रक्रिया लांबते आणि अ‍ॅट्राक्युरियमवर व्हेक्युरोनियम हे तसलेच दुसरे औषध दिले जाते. इथे साधी बेरीज चालत नाही; ही दोन्ही एकत्र आली की परिणाम बेरजेहून अधिक होतो, हे मुलांमध्येही दिसले आहे. लांब टिकणाऱ्या औषधावर शेवटी अल्पजीवी औषधाचा थोडासा डोस दिला, तर तोही आधीच्याच्या चालीने सावकाश उतरतो. त्यातच व्हेक्युरोनियम तान्ह्या बाळांत मोठ्या मुलांपेक्षा जास्त वेळ टिकते.

मोठ्या माणसाला ‘डोके उचलून पाच सेकंद धरा’ म्हणता येते. दोन वर्षांच्या पोराला काय सांगणार? छाती हलली, हातपाय झाडले की नळी निघते. पण श्वासपटल आधी सावरते, घशाचे स्नायू मागे राहतात. मग रिकव्हरीत पोट वर येताना छाती आत ओढली जाते. रडायला तोंड उघडते, आवाज मात्र फुटत नाही. बाहेर आईला सांगितले जाते, ‘अजून गुंगीत आहे.’ मुलांत प्राणवायूचा साठा मुळातच कमी, त्यामुळे ऑक्सिजनची पातळी बघता बघता घसरते.

शेवटी अंमल उतरवणारे निओस्टिग्मिन देतोच की, असे माझे काही सहकारी म्हणतील. औषधाचा अंमल गाढ असेल तर निओस्टिग्मिन पुरत नाही, आणि अंमल किती उरला हे मोजल्याशिवाय कळणार कसे? सुगामाडेक्स हे दुसरे उतारा देणारे औषध महाग आहेच, शिवाय ते रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियम उतरवते, अ‍ॅट्राक्युरियमला हातही लावत नाही. मिश्रण दिलेल्या मुलात ते अर्धेच काम करते.

उपाय हाताशी आहे. मनगटाजवळच्या नसेला लागोपाठ चार विद्युत झटके द्यायचे. अंगठ्याचा चौथा प्रतिसाद पहिल्याच्या किमान 90 टक्के हवा. हे प्रमाण 40 टक्क्यांच्या पुढे गेले की नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, म्हणून आकडा दाखवणारे यंत्रच हवे. अमेरिकेतील आणि युरोपातील भूलतज्ज्ञांच्या संघटनांनीही 2023 साली असे मोजमाप करण्याचीच शिफारस केली आहे.

म्हापसा असो, तुये असो, डिचोलीतले खासगी इस्पितळ असो. जिथे मुलांवर शस्त्रक्रिया होते तिथे हे यंत्र आरोग्य खात्याने सक्तीचे करावे. दुसरे औषध का दिले आणि नळी काढताना आकडा किती होता, या दोन्ही नोंदी भुलीच्या कागदावर असाव्यात. पालकांनीही तो आकडा निःसंकोच विचारावा.

– एक भूलतज्ज्ञ, डिचोली