वारंग्याचे आकाशचित्र

नागपूरजवळील बेशाच्या दक्षिणेस वारंगा येथे, २०१६ साली स्थापन झालेले महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि त्याच वर्षीची भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था यांचे परिसर विस्तारत असता, त्यांची आकाशातून घेतलेली छायाचित्रे प्रवेशपुस्तिकेची शोभा वाढविण्यापुरतीच उरू नयेत, असे मला आग्रहाने म्हणावयाचे आहे. भूमापनाच्या दप्तरात गट क्रमांक व हद्दी यांची नोंद सापडते. परंतु कापसाच्या काळ्या जमिनीवर पावसाचे पाणी कोठे साचते, कोणता ओढा भरावाखाली दबला, शेताचा कोणता बांध अद्याप शिल्लक आहे, कोणती झाडे वाचली, हे उंचावरून घेतलेले चित्रच एका दृष्टिक्षेपात सांगते, आणि पायाभरणीपूर्वीचे असे चित्र हाती नसेल तर पुढील कोणत्याही पाहणीस तुलनेचा आधार उरत नाही. उपग्रहचित्रांचा अभ्यास करणारे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरातच असल्यामुळे तज्ज्ञांसाठी दूर जाण्याचेही कारण नाही. दोन्ही संस्थांनी दरवर्षी पावसाळ्यात व उन्हाळ्यात, एकाच उंचीवरून, तारखेसह छायाचित्रे घेऊन ती ग्रामस्थांस विनामूल्य पाहावयास खुली करावीत, ही माझी विनंती आहे.