ईस्टरचे अंडे: मूळ कोणते, पर्याय कोणता?

ईस्टरच्या महागड्या चॉकलेटी अंड्याला ‘स्वस्त पर्याय’ म्हणून कांद्याच्या सालींसह उकडून तांबूस केलेले कोंबडीचे अंडे सुचवले जाते. या शब्दयोजनेलाच आमचा आक्षेप आहे.

मध्ययुगीन युरोपात ईस्टरपूर्व ४० दिवसांच्या उपवासात अंडी वर्ज्य असत. कोंबड्या मात्र उपवास जाणत नसत. साठलेली अंडी सणाला रंगवून वाटली जात. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेने त्यांच्या लाल रंगात ख्रिस्ताचे रक्त आणि कवचात त्याची कबर पाहिली. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२९० साली वर्ख लावून वाटण्यासाठी ४५० अंडी घेतली, ती १८ पेन्सांत. ब्रिटनमध्ये चॉकलेटचे अंडे आले १८७३ साली; फाबर्जेने रशियाच्या झारसाठी घडवलेले पहिले अंडे १८८५चे, आणि त्याच्याही आत सोन्याचा बलक व सोन्याची कोंबडीच.

तेव्हा पर्याय कोण कोणाचा? हा आनंद वर्ज्य केलेल्या अन्नाच्या पुनर्भेटीचा आहे. उपवासच वगळला, तर उरते ती केवळ खरेदी. ज्या घरी अंडे आणि कांद्याची साल एवढेच आहे, तेथे परंपरा उणी नाही. उलट ती तेथेच मुळाजवळ आहे. त्या अंड्याला ‘पर्याय’ म्हणणे म्हणजे मूळ वस्तूला तिच्या प्रतिकृतीच्या मापाने मोजणे होय.