नांगर रोवणाऱ्यांचे ऋण

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने तेथे तेल शोधले, त्याचा देशाला सार्थ अभिमान आहे. परंतु त्या तेलफलाटांचा संसार चालविणाऱ्या छोट्या नौकांकडे कोणाचे लक्ष जाते? पिण्याचे पाणी, शिधा, डिझेल त्याच पोहोचवितात. स्वतःचे इंजिन नसलेल्या तराफ्यांचे अवजड नांगर त्याच समुद्रतळाशी रोवतात आणि उचलतात. ताणलेला पोलादी दोर तुटला, तर डेकवरील खलाशाला सावरण्यास क्षणही मिळत नाही.

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात ‘पी-३०५’ या तराफ्याचे नांगर सुटले आणि तो बुडाला. नांगर हाताळणारी ‘वरप्रदा’ ही टगनौकाही बुडाली. तिच्यावरील १३ जणांपैकी अवघे दोघे वाचले. या दोन दुर्घटनांत ८६ जण प्राणास मुकले. खवळलेल्या समुद्रातून १८८ जणांना वाचविणाऱ्या नौदलाच्या शौर्यापुढे नतमस्तकच व्हावे. मात्र त्या शौर्याचे पांघरूण अनास्थेवर घालता येणार नाही. हवामान खात्याचा इशारा आधीच मिळाला होता!

मग माणसे समुद्रात का राहिली? काम थांबले तर दिवसाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न कंत्राटातच सुटला पाहिजे. इशारा मिळताच परतणे बंधनकारक हवे आणि बुडालेल्या दिवसांची मजुरी खलाशाला मिळालीच पाहिजे. ऊर्जेतील स्वावलंबन हे राष्ट्रकार्य असेल, तर हे खलाशीही राष्ट्रसेवकच आहेत. त्यांचे ऋण केवळ श्रद्धांजलीने फिटणारे नाही.