घराचा व्यवहार व कागदाचे भय

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्यात म्हण आहे. घर बांधणाऱ्यास किती यातायात पडते याची साक्ष ती पिढ्यानुपिढ्या देत आली. परंतु जो घर बांधीत नाही, विकत घेतो किंवा भाड्याने घेतो, त्याच्यासाठी वाडवडिलांनी म्हण करून ठेविलेली नाही. कारण परक्याच्या घरात भाडे देऊन राहण्याची पाळी त्या काळी थोड्यांवरच येई. आज ती पाळी घरोघर आली आहे. दर वर्षी जून महिना उजाडला की करमाळ्याचे कितीतरी आईबाप मुलाला वा मुलीला घेऊन जेऊर स्टेशनावर पुण्याची गाडी धरतात. कॉलेजातला प्रवेश एक वेळ मिळून जातो, पण खोली मिळत नाही. उलट बदलून आलेला शिक्षक, बँकेतील कारकून, दवाखान्यातील परिचारिका हे करमाळ्यात खोली शोधीत हिंडत असतात. आणि ज्याच्यापाशी चार पैसे शिल्लक पडले, तो गावाबाहेरच्या माळावर दोन गुंठ्यांचा तुकडा घेण्याच्या खटपटीत असतो. हे तिघेही बहुधा एकच चूक करतात. ती चूक म्हणजे व्यवहार शब्दावर करणे.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत, म्हणून त्यांनाच विचारतो. बाजार समितीत उडदाचे एक पोते विकले तरी शेतकरी आडत्याकडून पट्टी घेतल्यावाचून आवाराबाहेर पडत नाही. दुकानदार दिवसाची रोकड त्याच रात्री लिहितो, आणि मेळ बसल्याखेरीज त्याला झोप येत नाही. असे असता हाच मनुष्य जन्माची कमाई ओतून घर घेतो, किंवा आपले वडिलोपार्जित घर दुसऱ्याच्या हाती देतो, तेव्हा मात्र ‘आपलाच माणूस आहे, कागद कशाला?’ असे म्हणतो, हे आश्चर्य नव्हे काय? पोत्याला पट्टी आणि घराला नुसता शब्द, हा न्याय उलटा आहे.

ह्या उलट्या न्यायाला कारण आहे, व ते समजून घेतल्यावाचून नुसता उपदेश करणे व्यर्थ होय. घरमालकास कागदाचे भय वाटते. कागद केला की भाडेकरू घराचा धनी होऊन बसेल, ही समजूत त्याच्या मनात घट्ट रुतली आहे. आणि ती अगदीच निराधार नव्हती. पहिल्या महायुद्धात मुंबईची घरभाडी भडकली तेव्हा तेथील सरकारने १९१८ साली भाड्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा कायदा आला, व तो १९४८ च्या फेब्रुवारीपासून अमलात आला. गरजू भाडेकरू रस्त्यावर येऊ नये हा त्याचा हेतू स्तुत्यच होता. परंतु १९४० च्या सप्टेंबरातील भाडे हेच प्रमाण धरून ते पुढे पन्नास वर्षे जवळजवळ गोठवून ठेवण्यात आले. परिणाम काय झाला? पुष्कळ ठिकाणी भाड्यातून डागडुजीचाही खर्च निघेना, तेव्हा मालकाने डागडुजीच सोडली, भिंती खचल्या, आणि उघड भाडे वाढविता येत नाही म्हणून चोरून पागडी घेण्याची चाल पडली. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक आता न्याय्य राहिलेली नाही असे बजावले. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा होऊन ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला.

कायदा बदलून पाव शतक लोटले, पण भय बदलले नाही. नव्या कायद्याने मालकास प्रमाणित भाड्यात दर वर्षी शेकडा चार वाढ करण्याची मुभा दिली. राहण्यासाठी घर ‘लीव्ह अँड लायसन्स’ने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीने दिले असेल, तर मुदत संपताच सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो, आणि मुदतीनंतर जो घर सोडीत नाही त्याला ठरलेल्या आकाराच्या दुपटीने नुकसानभरपाई द्यावी लागते. ह्या सर्वांचा आधार कोणता? लेखी करार! अशा अर्जात लेखी करार हाच त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे ज्या कागदास मालक भितो तोच त्याच्या घराचा खरा राखणदार आहे.

येथे अकरा महिन्यांच्या करारासंबंधी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणे सक्तीचे, म्हणून मुदत अकरा महिन्यांची ठेवावयाची व नोंदणी चुकवावयाची, ही युक्ती देशभर चालत आली. परंतु ज्या क्षेत्रांना १९९९ चा कायदा लागू आहे, व पुणे आणि सोलापूर ही शहरे त्यांत आहेतच, तेथे ही युक्ती फुकट आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही अल्प मुदतीचा असो, तो लेखी व नोंदलेलाच पाहिजे, आणि नोंदविण्याची जबाबदारी मालकावर आहे. न नोंदविल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदलेला करार नसला, तर कोणत्या अटींवर घर दिले याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. कागद टाळणारा मालक आपलीच बाजू शत्रूच्या हाती देतो, ती अशी. खर्चाची सबबही चालण्यासारखी नाही. अशा करारावर मुद्रांक एकूण आकाराच्या शेकडा पाव रुपया एवढाच पडतो, आणि नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते.

भाडेकरूंनाही चार शब्द कडू लागले तरी सांगितले पाहिजेत. अनामत रकमेची पावती घेतल्यावाचून किल्ली घेऊ नका. भाडे बँकेतून द्या. रोखीने दिल्यास दर महिन्यास पावती मागा, कारण पावती देणे ही मालकाची मेहेरबानी नसून कायद्याने त्याच्यावर घातलेले कर्तव्य आहे. घरात शिरताना विजेच्या मीटरचा आकडा व भिंती-नळांची स्थिती करारात लिहून घ्या. पुरेसे कारण नसता पाणी वा वीज तोडण्याचा अधिकार मालकास नाही, हे ध्यानात ठेवा. आणि मुदत संपली की घर सोडण्याचे तुमचे वचन तितक्याच निष्ठेने पाळा. आमच्याकडे सल्ल्यास येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांचे गाऱ्हाणे ऐकून आम्ही एकच प्रश्न विचारतो, ‘कागद कोठे आहे?’ आणि निम्म्याहून अधिक वेळा उत्तर येते, ‘साहेब, तोंडी ठरले होते.’ मग कायदा कितीही चांगला असो, वकिलाचे हात बांधलेले असतात.

परंतु शब्दावरच्या व्यवहाराचा सर्वांत मोठा दोष पैशाचा नाही, तो सामाजिक आहे. शब्द आपण कोणाला देतो? ओळखीच्याला. ओळख कोणाची असते? नात्यागोत्याची, जातीची, आळीची. म्हणजे ज्या बाजारात घर शब्दावर मिळते, त्या बाजारात परक्याला घर मिळत नाही; आणि आडनाव विचारून, जेवणात काय चालते हे विचारून, मग ‘खोली कालच गेली’ असे सांगण्याचा दांभिकपणा तेथे शिष्टाचार म्हणून खपतो. अमेरिकेत शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ च्या सुमारास बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा विद्या होती, पगार होता, पण डोक्यावर छप्पर मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी वसतिगृहात राहिले. काही दिवसांतच लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. शहरात कोणी आसरा दिला नाही, आणि अखेर बागेत बसून त्यांना मुंबईच्या गाडीची वाट पाहावी लागली. त्या गोष्टीला शंभर वर्षे उलटली. आपल्या गावात खोली विचारावयास आलेल्या मनुष्याला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो, हे प्रत्येक घरमालकाने आपल्या मनाशी तपासून पाहावे.

ह्या बाबतीत कायद्याचा हात तोकडा आहे, हे वकील या नात्याने कबूल केले पाहिजे. एका पारशी सहकारी गृहसंस्थेच्या दाव्यात, सभासदत्व आपल्या समाजापुरते राखणारा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ग्राह्य धरला. म्हणून हे काम समाजालाच करावयाचे आहे, आणि ते करण्याचे साधन पुन्हा कागद हेच आहे. आपल्या तालुक्यातील भीमाकाठची गावे उजनीच्या जलाशयात गेली. ते धरण १९८० साली पूर्ण झाले. गाव उठले की मनुष्याबरोबर त्याचे भांडेकुंडे जाते, पण चार पिढ्यांची ओळख जात नाही. नव्या ठिकाणी तो परकाच ठरतो. अशा परक्याला जामीन कोण राहणार? नोंदलेला करार राहतो. भाडेकरूचा धंदा विचारा, ओळखपत्र पाहा, अनामत घ्या, अटी लिहा. मग त्याची जात विचारण्याचे कारणच काय उरते?

आता विकत घेणाऱ्यांविषयी. शंभरा-पाचशेच्या मुद्रांकावर नोटरीसमोर साठेखत केले, कुलमुखत्यारपत्र घेतले, ताबा मिळाला, म्हणजे आपण मालक झालो असे समजणारे लोक पुष्कळ आहेत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे विक्रीच्या नुसत्या कराराने मालकी मिळत नाही. मुखत्यारपत्रावरील विक्रीनेही ती मिळत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला आहे. नोंदलेले खरेदीखत हेच खरे. सातबारावर नाव चढले म्हणून कोणी मालक होत नाही. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकीचे मूळ नव्हे. म्हणून विसार देण्यापूर्वी सातबारा वा मालमत्ता पत्रक पाहा, दुय्यम निबंधकाच्या दप्तरात मागील तीस वर्षांचा शोध घ्या, बिगरशेतीचा आदेश व मंजूर रेखांकन डोळ्यांनी पाहा. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. त्यातून शहरी वस्तीच्या लहान भूखंडांना शासनाने २०२५ साली सूट दिली हे खरे. पण सूट म्हणजे विकणाऱ्याच्या मालकीचा दाखला नव्हे, आणि रस्ता व पाणी मिळण्याची हमी तर नव्हेच.

पुण्यात सदनिका घेणाराने २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे ‘रेरा’, वाचून ठेवावा. जमीन ५०० चौरस मीटरांहून, म्हणजे सुमारे पाच गुंठ्यांहून, अधिक आणि सदनिका आठांहून अधिक, अशा नव्या प्रकल्पाची नोंदणी झाल्याखेरीज त्यातील घरांची जाहिरातही करता येत नाही. नोंदलेला करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बांधणाऱ्यास मनाई आहे. दलालासही नोंदणी लागते. एवढे असून जो ग्राहक रंगीत चित्र पाहून निम्मी रक्कम रोखीने मोजतो, त्याचे रक्षण कोणी करावे? घराच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकराचा कायदाही २०१५ पासून मना करतो. आणि जी रक्कम कागदावर नाही ती व्यवहार फिसकटल्यावर परत मागता येत नाही, हे तर कायद्यावाचूनही कळण्यासारखे आहे.

कागदाच्या अभावी सर्वांत आधी बेघर कोण होते? घरातील विधवा. नवऱ्याने शब्दावर घेतलेले घर त्याच्यामागे दिराच्या, सावकाराच्या किंवा मूळ मालकाच्या शब्दावर जाते. केवळ स्त्रीच्या नावाने राहते घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून ह्या राज्यात आहे. तिचा लाभ पैसे वाचविण्यापुरता न घेता, घरच्या लक्ष्मीला खरोखरीच घराची धनीण करण्यासाठी घ्यावा, असे आमचे सांगणे आहे.

कोणी म्हणेल, कागद आला की माणुसकी गेली. आमचे मत अगदी उलट आहे. भांडणाचे मूळ कागद नसून विसरलेला शब्द हे असते. दोघांच्या स्मरणात वेगवेगळा राहिलेला शब्द हा दोन्ही घरांचा नाश करतो. करमाळ्यातील वकीलबंधूंनी आठवड्यातून एक तास देऊन घरभाड्याच्या व खरेदीच्या करारांचे सोपे मराठी नमुने लोकांना समजावून द्यावेत. व्यापाऱ्यांनी आपल्या गाळ्यांचे व खोल्यांचे करार नोंदवून गावापुढे उदाहरण घालावे. पुण्यात आपल्या मुलीला आडनाव न विचारता खोली मिळावी असे ज्याला वाटते, त्याने आधी आपल्या माडीवरची रिकामी खोली तशीच देऊन दाखवावी. तेथूनच ह्या सुधारणेचा प्रारंभ व्हावयाचा आहे.