युद्धपटातील शिपाई कोठे आहे?

युद्धपट काढायचा म्हटला की आपल्याकडे पहिला प्रश्न पैशाचा निघतो. घोडे कोठून आणायचे? तोफा कोठून आणायच्या? हजार-पाचशे माणसांच्या जेवणाचे काय? बड्या निर्मात्यांपुढे हा प्रश्न उरलेला नाही. २०२० सालचा 'तान्हाजी' किंवा २०२५ सालचा 'छावा' यांच्यासारख्या चित्रपटांत संगणकावर किल्ले उभे राहतात, फौजा वाढतात, आगीचे लोळ उठतात. आपल्या वस्त्यांतील तरुणांकडे असते काय? एखादा भाड्याचा कॅमेरा, वर्गणीचे थोडे पैसे आणि सुट्टी टाकून आलेले मित्र. मग ते सांगतात, पैसा नाही म्हणून आमचे युद्ध खोटे वाटते.

ही गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीची अर्धी आपण तपासली पाहिजे, कारण प्रश्न केवळ सिनेमाचा नाही. एक जानेवारीचा इतिहास पडद्यावर कसा जाणार, आणि तो पाहून लोक विश्वास ठेवणार की हसणार, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

आधी आमच्या भागातील एक उदाहरण घेऊ. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी अकलोली आहे. गरम पाण्याच्या कुंडांसाठी लोक येथे येतात आणि जवळच्या वज्रेश्वरीचे देऊळ पाहून परततात. देवळाला तटबंदी आहे, वर जायला पायऱ्यांची चढण आहे. लांबून किल्लाच वाटावा. हे देऊळ एका युद्धाचे स्मारक आहे. वसईचा किल्ला मिळाला तर देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी आप्पाने केला आणि मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला खाली केल्यावर तो फेडला, असे सांगतात. वसईची मोहीम १७३७ पासून चालली होती. शेवटच्या वेढ्यात तटाखाली सुरुंग खणले गेले, बुरूज उडवले गेले, खिंडारातून चढताना माणसे पडली. ते सुरुंग कोणी खणले? खंदकातील माती कोणी उपसली? दारूच्या गोण्या कोणी वाहिल्या? देवळाला हे विचारून उपयोग नाही. तेथे एकच नाव आहे, सेनापतीचे.

आता भीमा कोरेगावचा स्तंभ पाहा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर १८२१ साली त्याची पायाभरणी झाली. स्तंभ इंग्रजांनी स्वतःच्या विजयासाठी उभारला, हे उघड आहे. परंतु पलटणीचा हजेरीपट असतो आणि त्यात शिपायाचे नाव असते. म्हणून त्या दगडावर कंपनीच्या पडलेल्या ४९ सैनिकांची नावे आली आणि त्यांतील २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ज्यांच्या नावाची नोंद गावात फक्त वेठबिगारीसाठी होत असे, त्यांची नावे दगडावर कोरली गेली.

आपले युद्धपट यांपैकी कोणत्या स्मारकाच्या वाटेने जातात? बहुतेक सारे देवळाच्या वाटेने जातात. एक नायक, एक नवस, एक तलवार, आणि मागे धूळ उडवणारी बिननावाची गर्दी. गर्दीच दाखवायची म्हटल्यावर पैसा लागणारच. पैसा नसला की तीच वीस माणसे डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा उजवीकडून डावीकडे पळतात. प्रेक्षक दुसऱ्या फेरीलाच ओळखतो आणि तेथून पुढे त्याचे मन युद्धात राहत नाही.

मराठी चित्रपटाला हे कळत नव्हते असे नाही. १९२३ साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सिंहगड' काढला, तेव्हा आजची कोणतीच साधने नव्हती. त्यांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. अंधारात दहा माणसेही शंभर वाटतात, हे त्यातले मर्म. अलीकडे २०१८ सालच्या 'फर्जंद'ने कोंडाजी फर्जंद यांनी १६७३ साली साठ मावळ्यांनिशी घेतलेला पन्हाळा निवडला. २०२२ सालच्या 'पावनखिंड'ने १६६० मधील अरुंद घाटवाट निवडली. थोड्या माणसांचे युद्ध थोड्या पैशांत दाखवता येते, हा हिशेब त्यात दिसतो. परंतु हा मावळा कोणत्या गावचा, त्याच्या घरी जमीन किती, तो कोणाचा देणेकरी, हे पडद्यावर क्वचितच कळते. तो घोषणा देतो आणि मरतो.

परदेशातील दोन चित्रपट आपल्या तरुणांनी जरूर पाहावेत. पीटर वॉटकिन्स या इंग्रज दिग्दर्शकाने १९६४ साली बीबीसीसाठी 'कलोडन' केला. १७४६ साली स्कॉटलंडमध्ये झालेल्या लढाईवरचा हा चित्रपट. पैसा बेताचा, कलाकार बहुतेक हौशी. दूरचित्रवाणीचा वार्ताहर जणू रणांगणावर गेला आहे, अशी त्याची रचना. कॅमेरा शिपायांच्या चेहऱ्यांजवळ जातो आणि निवेदक सांगतो, हा अमुक, याच्याकडे इतकी जमीन, हा त्या जमीनदाराचे कूळ, आला नाही तर याचे घर जाईल. गर्दी कमी आहे हे आपल्या लक्षातही येत नाही, कारण आपण गर्दी पाहत नसतो, माणसे पाहत असतो. दुसरा चित्रपट १९६६ सालचा 'द बॅटल ऑफ अल्जिअर्स'. अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यात स्वतः उतरलेला यासेफ सादी त्याच्या निर्मितीत होता आणि पडद्यावरही होता. जेथे लढा झाला त्याच गल्ल्यांत, बहुतांशी नवख्या माणसांना घेऊन चित्रीकरण झाले. पाहणाऱ्यांना ते खरे वृत्तचित्रण वाटले. प्रत्यक्षात त्यात वृत्तचित्रणाचा एक फूटही नव्हता. ज्यांचा लढा त्यांनीच तो उभा केला, हे त्याचे भांडवल होते.

हे भांडवल आपल्याकडे आहे. आणि भीमा कोरेगावची लढाई तर कमी पैशांच्या चित्रपटासाठीच घडली असावी अशी आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून पलटण निघाली. सुमारे २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर, रात्रभर चालून सकाळी कोरेगावला आली. भीमा नदीपलीकडे पेशव्याची फौज दिसल्यावर कॅप्टन स्टाँटनने गावाचा आसरा घेतला. त्यापुढची लढाई गावाच्या गल्ल्यांत, मातीच्या भिंतींआड, घराघरांतून झाली. दिवसभर अन्न नाही, पाणी नाही. नदी जवळ, पण तिच्यापर्यंत जाता येत नाही. हे दाखवायला हजारो माणसे लागत नाहीत. एक गल्ली, एक पडकी भिंत आणि कोरडे ओठ पुरतात.

शिपायाच्या हातातील हत्यारच पाहा. आपल्या नाटकांत आणि चित्रांत त्याच्या हाती ढाल-तलवार देतात. त्याच्याकडे ठासणीची बंदूक आणि संगीन होती. कागदी काडतूस दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, गजाने ठासायची, मग बार काढायचा. मिनिटाला दोन-तीन बार झाले तरी पुष्कळ. आणि प्रत्येक काडतुसाबरोबर सोऱ्याची दारू जिभेला लागते, तोंड आणखी कोरडे पडते. रात्रभर चाललेला, तहानलेला शिपाई दर बाराला आणखी तहानतो. एवढी एक गोष्ट नीट दाखवली तरी प्रेक्षक खुर्चीत पाणी मागेल. लाकडी तोफेच्या धुरापेक्षा ती अधिक खरी ठरेल. बाबासाहेब ज्या १९२७ सालच्या १ जानेवारीला या स्तंभापुढे उभे राहिले, त्याच वर्षी २० मार्चला त्यांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आपल्या इतिहासात तहान म्हणजे काय, हे आपल्या दिग्दर्शकाला वेगळे शिकवावे लागू नये.

आता कटू वाटेल असे एक बोलतो. '५०० विरुद्ध २८,०००' ही आपली घोषणा आहे. घोषणा म्हणून ती चालते. पटकथा म्हणून जशीच्या तशी चालणार नाही. स्टाँटनकडे पायदळाचे सुमारे ५०० शिपाई होते हे खरे. त्यांच्याबरोबर अडीच-तीनशे घोडेस्वार होते आणि मद्रास तोफखान्याचे सुमारे दोन डझन गोलंदाज दोन तोफांसह होते. पलटणीत महार मोठ्या संख्येने होते; मराठा, मुसलमान आणि इतरही होते. पेशव्याची फौज २८,००० च्या घरात असल्याचे अंदाज आहेत, पण गावावर चालून आल्या त्या अरब, गोसावी वगैरे पायदळाच्या काही शेकड्यांच्या तुकड्या. बाकी घोडदळ सभोवार. रात्री हल्ला थंडावला आणि जनरल स्मिथची फौज जवळ येत असल्याने पेशव्याने तळ हलवला. कंपनीची सुमारे २७५ माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. म्हणजे तीन माणसांमागे एक.

यात शौर्य कमी झाले का? उलट, ते समजण्याजोगे झाले. तोफेवरचे गोलंदाज कापले गेले, एक तोफ शत्रूच्या हाती गेली, काही जण शरण जाऊ म्हणाले, आणि तरीही ती तोफ परत घेतली गेली. भीतीसकट उभे राहिलेला माणूस पडद्यावर खरा वाटतो. एका फटक्यात पन्नास जणांना लोळवणारा माणूस कोणाचाच पूर्वज वाटत नाही.

शिवाय आपल्यावर नजर ठेवून बसलेले लोक आहेत. २०१८ च्या १ जानेवारीला, द्विशताब्दीच्या दिवशी अभिवादनाला आलेल्या लोकांवर हल्ले झाले, हे आपण विसरलेलो नाही. स्तंभ नाकारणारे, लढाई नाकारणारे, नावे नाकारणारे तयारच आहेत. चित्रपटात एक आकडा फुगवलेला सापडला की त्याच्या आधारे ते उरलेली ४९ नावेही खोटी ठरवू पाहतील. परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा बहुसंख्य म्हणतात म्हणून काही मानू नका, असे तथागताने कालामांना सांगितले. ते फक्त दुसऱ्यांच्या ग्रंथांना लावायचे आणि आपल्या घोषणांना लावायचे नाही, हे बुद्धाच्या अनुयायांना शोभत नाही.

दुसरा धोका संवादांचा. १८१८ मधील शिपायाच्या तोंडी विसाव्या शतकातील भाषण घातले की सारा प्रसंग कोसळतो. त्याला संविधान ठाऊक नाही. त्याला गावकुसाबाहेरचे घर ठाऊक आहे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना गळ्यात मडके बांधावे लागे, हे बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलना'त नोंदवले आहे. ते मडके नुसते दाखवा. त्यावर भाषण नको. आणि इंग्रजांनाही मुक्तिदाते करू नका. ज्यांनी स्तंभावर नावे कोरली, त्यांनीच १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांना १८९४ साली त्यासाठी अर्ज लिहावा लागला. महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ साली, बाबासाहेबांच्या प्रयत्नांनंतर. शिपायाने रक्त दिले आणि सरकारने दार लावून घेतले, हा शेवट ज्या चित्रपटात असेल तो खरा युद्धपट.

सोमनाथ वाघमारे यांनी २०१७ साली भीमा कोरेगाववर माहितीपट केला आणि तेथे जमणारा आजचा माणूस टिपला. त्या वाटेने पुढे जाऊन लढाईची कथा सांगू पाहणाऱ्या तरुणांना एवढेच सांगणे आहे की, वर्गणी गोळा करण्यापूर्वी स्तंभापुढे उभे राहा आणि ती नावे वाचा. त्यांतील एकच नाव निवडा. तो कोठून आला असेल, पलटणीत का गेला असेल, त्या दिवशी शेवटचे पाणी त्याने कोठे प्यायले असेल, एवढे कागदांवरून आणि विवेकाने शोधा. मग आपल्या वस्तीतील एखाद्या पोराला त्याच्या जागी उभे करा आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ न्या. घोडे नसले तरी चालेल. त्या चेहऱ्यावर तहान दिसली पाहिजे.