कीड भोक पाडण्याआधी

वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, कधीकधी एक निस्तेज पांढरा पट्टा दिसतो. दात ओला असताना तो लक्षातही येत नाही, कापसाने टिपून कोरडा केला की उठून दिसतो. तो दुखत नाही, ठणकत नाही, गार पाण्याने शिवशिवतही नाही, म्हणून घरात त्याची कुणी दखल घेत नाही. पुढे तिथेच काळं भोक पडतं, मूल रात्रभर रडतं आणि मग दवाखान्याची धावपळ सुरू होते. हा आठवडा मी त्या पट्ट्यासाठी राखून ठेवला आहे. दाताची कीड ज्या टप्प्यावरून मागे फिरू शकते तो टप्पा हाच, आणि आपण तो सरसकट हातचा घालवतो.

दाताचं वरचं आवरण, म्हणजे एनॅमल, वजनाने सुमारे 96 टक्के खनिजाचं असतं. हे खनिज म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचा एक प्रकार, हायड्रॉक्सिॲपेटाइट. ते रचणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपलेल्या असतात. मोडलेलं हाड शरीर सांधून घेतं, एनॅमलला ती सोय नाही. त्याची सगळी मदार लाळेवर.

लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं, की खरं तर त्याचा अवक्षेप पडायलाच हवा. पण पाकात लिंबू पिळलं की साखर धरत नाही, तसं लाळेतली स्टॅथेरिनसारखी प्रथिनं हे क्षार सुटे ठेवतात. जंतूंचा थर जिथे घासला न जाता बसून राहतो, तिथे हा बंदोबस्त पुरत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, लाळेच्या नळीच्या तोंडाशी, खरखरीत किटण साचतं ते त्यामुळेच. तेच कॅल्शियम फॉस्फेट दातात बसलं तर दुरुस्ती होते आणि दातावर साचलं तर हिरडीचा आजार वाढतो.

साखर तोंडात गेली की जंतू तिचं आम्ल करतात. थरातला सामू 5.5 च्या आसपास खाली आला की एनॅमलमधलं खनिज विरघळू लागतं. अमेरिकेतल्या रॉबर्ट स्टीफन यांनी 1940 च्या दशकात दाखवून दिलं, की साखरेनंतर सामू काही मिनिटांतच कोसळतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. तो वर आला की लाळेतलं कॅल्शियम फॉस्फेट पुन्हा दातात शिरतं. म्हणजे दिवसभरात एकूण साखर किती खाल्ली याच्याइतकंच ती किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचं. दर तासाला बिस्किट, अधूनमधून गोळी, वर गोड चहा असं चालू राहिलं तर लाळेला कामाला उसंतच मिळत नाही. आणि झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचं दात घासणं सकाळच्यापेक्षा जास्त मोलाचं.

पांढरा पट्टा ही या देवाणघेवाणीतली तूट. वरचा पातळ थर शाबूत असतो, खालचं खनिज विरळ झालेलं असतं. भोक अजून पडलेलं नसतं. अशा जागी खनिज परत घालता येईल का, या प्रश्नाने अमेरिकेतल्या दोन संशोधकांना झपाटलं होतं: वॉल्टर ब्राउन आणि लॉरेन्स चाऊ. मेरीलँडमध्ये, राष्ट्रीय मानक संस्थेच्या आवारातल्या अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या प्रयोगशाळेत ते काम करत. टेट्राकॅल्शियम फॉस्फेट आणि डायकॅल्शियम फॉस्फेट यांच्या भुकट्या पाण्यात कालवल्या की दोन्ही हळूहळू विरघळतात आणि हायड्रॉक्सिॲपेटाइटचे बारीक स्फटिक एकमेकांत गुंतत खाली बसतात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या ध्यानात आलं, की हा लगदा चक्क घट्ट होतो, तोही शरीराच्या तापमानाला.

कीड भरून काढण्यासाठी मांडलेल्या या रसायनाचा खरा उपयोग मग कवटीत झाला. 1996 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कवटीतली खिंडारं बुजवण्यासाठी या सिमेंटला मान्यता दिली. सांधेरोपणात वापरतात ते ॲक्रिलिक सिमेंट घट्ट होताना तापतं. हे जवळपास तापत नाही. शल्यविशारद त्याला हव्या त्या आकारात बसवू शकतो, आणि हाडाच्या पेशी त्याला ओळखीचं मानून सावकाश कुरतडतात व त्या जागी नवं हाड घालतात. उणीव एकच, पण मोठी: ते ठिसूळ आहे. दाबाखाली टिकतं, वाकवलं किंवा ताणलं की तडकतं. त्यामुळे मांडीच्या हाडाचा भार त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडता येत नाही. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने याच जातीचं सिमेंट विकसित केलं आहे. या कामाचं कौतुक मराठी वाचकांपर्यंत पोचलेलं नाही, याची मला खंत वाटते.

पांढऱ्या पट्ट्याला मात्र सिमेंट लागत नाही. लाळेला वेळ आणि थोडं फ्लोराइड मिळालं तरी पुष्कळ. फ्लोराइड असताना बसणारं खनिज जास्त चिवट असतं, ते सामू 4.5 च्या आसपास येईपर्यंत तग धरतं. दुधातल्या केसीनपासून केलेली कॅल्शियम फॉस्फेटची क्रीम मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधनातून आली, हायड्रॉक्सिॲपेटाइटच्या टूथपेस्ट जपानमधून. दोन्हींमागे खरं विज्ञान आहे. पण ‘एनॅमल पुन्हा उगवतं’ ही जाहिरातीतली भाषा मला मान्य नाही. विरळ झालेली जागा भरते, पडलेलं भोक भरत नाही. आणि ज्या घराला महिन्याच्या किराण्याचा हिशेब करावा लागतो, त्याने या महागड्या नळ्यांच्या मागे लागण्याचं कारण नाही. साध्या पेस्टच्या खोक्यावर फ्लोराइड किती पीपीएम ते छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे; कमाल मर्यादा 1000. तो आकडा वाचा. ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे, त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. आणि मशेरी लावणाऱ्या आजीने नातवाच्या हातात मशेरी देऊ नये, हे अजूनही सांगावं लागतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013 पासून अंगणवाड्या आणि शाळांमध्ये जातात, त्यांच्या यादीत दातांची कीडही आहे. माझी मागणी साधी आहे: भोक मोजण्याबरोबर पांढरे पट्टेही मोजा. त्यासाठी कापूस आणि टॉर्च पुरतो, बाकी शिकवण्याचा भाग. ज्या मुलाच्या दातावर पट्टा दिसेल त्याला वर्षातून दोनदा फ्लोराइडचं व्हार्निश लावा. ते लावायला काही मिनिटं लागतात, सुई लागत नाही, ड्रिलही लागत नाही. पुढे होणाऱ्या रूट कॅनालच्या तुलनेत त्याचा खर्च नगण्य आहे.

एक खबरदारी मात्र घ्यावी लागेल. चंद्रपूर आणि यवतमाळच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवरचे पांढरे डाग बहुधा दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे, आडव्या रेघांसारखे पसरलेले असतात. किडीचा पट्टा हिरडीच्या कडेने, थर साचतो तिथे असतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. त्या गावांत पथकाने व्हार्निशची बाटली उघडण्याआधी मूल कुठल्या हातपंपाचं पाणी पितं ते विचारावं, आणि त्या पाण्याचा तपासणी अहवाल मागवावा.