भांडवलाला एक खिडकी, नवरा-बायकोला न संपणारी रांग

दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतली बिडकीनची ७,८५५ एकरांची वसाहत २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी राष्ट्राला अर्पण केली. देशी-परदेशी भांडवलाने इथे यावे म्हणून जमीन, पाणी, वीज, परवानग्या असे सगळे एका खिडकीत मिळेल, असे सांगितले जाते. भांडवलाला सीमा ओलांडताना कोणी थांबवत नाही. याच पैठण तालुक्यातून शिकून परदेशी गेलेल्या आमच्या मुलामुलींचे जोडीदार मात्र वर्ष-वर्ष, दोन-दोन वर्षे व्हिसाची वाट पाहत बसलेले असतात. त्यांना खिडकीच नाही. आमचे म्हणणे स्पष्ट आहे : ही रांग नशिबाची नाही, धोरणाची आहे, आणि त्या धोरणात पैसाही बोलतो आणि जातही.

"त्यांचा देश, त्यांचा कायदा, आपण कोण बोलणार?" असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांनी तो कायदा जरा जवळून पाहावा. ब्रिटनमध्ये जोडीदाराला बोलवायचे तर वर्षाला १८,६०० पौंड कमाई पुरत असे. ११ एप्रिल २०२४ पासून ती अट २९,००० पौंड झाली, म्हणजे तीस लाख रुपयांहून अधिक. वर आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, तोही आगाऊ. बँकेत साहेब असलेल्याची बायको येऊ शकते, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्याची नाही. जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांत साध्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला जोडीदार नेण्याची सोयही बंद झाली. ती मुख्यतः संशोधन करणाऱ्यांपुरती उरली. अमेरिकेत नोकरीवरच्या ग्रीन कार्डात एका देशाला सुमारे सात टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून भारतीयांची रांग दशकांवर गेली. त्या रांगेत अडकलेल्याच्या बायकोला एका टप्प्यापर्यंत नोकरीचीही परवानगी नसते. मुलाखत झाल्यावर '२२१ (जी)'चा कागद हातात पडला, तर पुढची तपासणी किती दिवस चालेल याला बंधन नाही. मुदती फक्त अर्जदाराला असतात. साहेबाला मुदत नसते.

हा संशय आजचा नाही. १९७९ साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची 'कौमार्य चाचणी' केली गेली. वृत्तपत्राने ते उघडकीस आणले, आशियाई स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा तो प्रकार थांबला. लग्न इमिग्रेशनसाठी केलेले नाही हे सिद्ध करा, ही अट मात्र १९९७ पर्यंत चालू होती. पुढे तीही रद्द झाली. म्हणजे हे कायदे आकाशातून पडलेले नाहीत. माणसांनी केले, माणसांनी भांडून बदलले.

आता आपल्या घरातली गोष्ट. लग्न खरे आहे हे दाखवायला काय मागतात? लग्नाचे फोटो, दोन्हीकडचे नातेवाईक, एकत्र राहिल्याचे पुरावे. ज्यांचे लग्न जातीत, मांडवात, पाचशे पानांच्या पंगतीत झाले, त्यांचा अल्बम तयार असतो. ज्यांनी जात मोडून लग्न केले, घरच्यांच्या भीतीने चार मित्रांसमोर सह्या केल्या, त्यांनी सासूचा फोटो कुठून आणायचा? बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे उच्चाटन'मध्ये आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय सांगितला. तो उपाय करणारेच या तपासणीत अडचणीत येतात. जातपंचायत विचारते, "कोणाच्या संमतीने लग्न केले?" वकिलातीचा अधिकारी विचारतो, "घरचे का आले नाहीत?" प्रश्न एकच आहे.

आपली यंत्रणाही मागे नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात ३० दिवस मुक्काम लागतो, नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावे लागते. तीन आठवड्यांच्या रजेवर आलेल्याने काय करायचे? वर ती नोटीस फलकावर लागते, म्हणजे विरोध करणाऱ्या घराला आयती खबर. विहारात मंगल परिणय होतो, संस्थेचे प्रमाणपत्र मिळते, ते फ्रेम करून भिंतीवर लावतात. पण वकिलातीला सरकारी नोंदणीचा कागद लागतो. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. घरी जन्मलेल्यांची जन्मनोंदच नाही, आणि वर्ष उलटल्यावर ती करायला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. ज्यांच्या पिढ्यांना कागदापासूनच दूर ठेवले, त्यांच्याकडे आज कागद मागितला जातो.

आणि कृपा करून माता रमाईंचे उदाहरण देऊन कोणाला गप्प बसवू नका. बाबासाहेब १९१३ ला न्यूयॉर्कला गेले, १९२० ला पुन्हा लंडनला. रमाईंनी दारिद्र्य सोसले, मुलांचे मृत्यू सोसले. त्यांच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण त्यांनी सोसले म्हणून शंभर वर्षांनी आपल्या लेकींनीही सोसावे, हा निष्कर्ष रमाईंच्या त्यागाचा अपमान आहे.

व्हिसा येईपर्यंत सून सासरीच बसेल, शिकणार नाही, नोकरी करणार नाही, असे ठरवणारी घरे आपल्या वस्त्यांतही आहेत. आम्ही त्यांना तोंडावर सांगतो : वाट पाहणे हा बाईचा धंदा नाही. तिचे शिक्षण, तिची नोकरी, तिचे बँक खाते चालू राहिले पाहिजे. "आतून काम करून देतो" म्हणणाऱ्या दलालाला एक रुपया देऊ नका. लग्न झाले की त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत नोंदणीचा अर्ज करा, पोच घ्या. विवाह नोंदणीचा दाखला लोकसेवा हक्क कायदा, २०१५ खाली येतो. मुदत मोडली तर अपील करा. प्रत्येक विहाराने मंगल परिणयाबरोबर नोंदणीचा अर्जही भरून घ्यावा.

बाकी मागणी सरकारकडे. २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. व्हिस्की आणि मोटारींवरचा कर घटवण्याचे त्यात ठरले. जोडीदाराच्या व्हिसाची अट तसूभर सैल झाली नाही. जे सरकार बाटलीसाठी वाटाघाटी करू शकते, ते माणसांसाठीही करू शकते. निर्णयाला मुदत आणि नकाराला लेखी कारण, एवढे तरी मागाच. आपल्या खासदाराला हा प्रश्न संसदेत विचारायला लावा. बिडकीनच्या जमिनीवर जगातले भांडवल येऊ शकते, तर बिडकीनची लेक आपल्या जोडीदाराकडे का जाऊ शकत नाही?

जय भीम!